ईशान्येचा कोपरा

साहेबांच्या टेबलावर हिरव्या बनातीच्या तुकड्यावर चार वस्तू मांडलेल्या असत. पितळी गुण्या, पितळी पाणसळ, पितळी ओळंबा आणि चोवीस इंचांची हस्तिदंती पट्टी. ओळंब्याला रेशमी दोरी होती. मी ओव्हरसियरचा डिप्लोमा घेऊन नुकताच कामाला लागलो होतो. तोवर पाहिलेले सगळे ओळंबे चुन्यात माखलेले आणि सुतळीला लटकलेले होते. त्या चकचकीत पितळेकडे पाहून मला वाटलं, असली हत्यारं बाळगणारा माणूस खोटं काही बांधणारच नाही. मी तेवीस वर्षांचा होतो. त्या वयात इतका भाबडेपणा चालतो, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं माफ करत आलो. आता करत नाही.

साठच्या दशकातली मधली वर्षं होती. बोईसरच्या बाजूला जमीन मोजणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली होती. समुद्राकडे मोठं सरकारी काम निघालं होतं, भाताच्या खाचरांमधून जीपगाड्या धुरळा उडवत जायच्या, आणि डिप्लोमा हातात असलेल्या पोराला काम शोधावं लागत नव्हतं. मी मात्र पालघरला साहेबांकडेच राहिलो. साहेब स्वतंत्र धंदा करणारे इंजिनिअर होते. लाच घेत नसत. मजुरांना शिवी देत नसत. दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नसत. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना सिनेमातला खलनायक समजेल. ते तसे असते तर मला हे लिहिणं फार सोपं गेलं असतं.

साहेब फ्रीमेसन होते, एका जुन्या विलायती बंधुमंडळाचे सभासद. महिन्यातून एकदा काळा सूट घालून, हातात चपटी चामडी पेटी घेऊन मुंबईला आपल्या लॉजमध्ये, म्हणजे मंडळाच्या सभागृहात, जात. पालघरात त्याविषयी काहीबाही बोललं जाई. लोक लॉजला जादूघर म्हणत. माझ्या आईने ऐकलं होतं की तिथे माणसाचे डोळे बांधून त्याला भुतापुढे उभं करतात. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले.

"भूतबित काही नाही रे. गवंड्यांची हत्यारं आहेत तिथे. पूर्वी मोठमोठी प्रार्थनामंदिरं बांधणाऱ्या गवंड्यांच्या मंडळ्या असत. पुढे त्यांच्यात न बांधणारी माणसं शिरली, आणि भिंतीऐवजी माणूस बांधायला लागली."

रविवारी सकाळी ते मला बोलावून घेत आणि त्या हत्यारांचे अर्थ सांगत. चोवीस इंचांची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास. काही कामाला, काही देवाला आणि अडलेल्याला, उरलेले झोपेला. पाणसळ म्हणजे जगातली सगळी माणसं एकाच पातळीवर, राजा असो की पाथरवट. ओळंबा म्हणजे मनाचा सरळपणा, इकडे नाही की तिकडे नाही. गुण्या म्हणजे दुसऱ्याशी काटकोनातला व्यवहार. मग ते कर्कटक घेऊन कोऱ्या कागदावर वर्तुळ काढत आणि म्हणत, "आपल्या इच्छा या रेघेच्या आत. रेघ ओलांडली की माणूस गेला."

शाळेत मला भूमिती फार आवडायची. सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा कोणी खोटी पाडू शकत नाही, याचं मला विलक्षण सुख वाटायचं. आमच्या घरात तसं पक्कं काहीच नव्हतं. वडील लवकर गेले होते, आई लोकांचे कपडे शिवायची. साहेबांनी मला पहिल्यांदाच सांगितलं की माणसाच्या वागण्यालाही भूमिती असते. मी भारावून गेलो. "मला घ्याल का लॉजमध्ये?" असं विचारायला मला चार महिने लागले. साहेब म्हणाले, "आधी एक काम नीट उभं करून दाखव."

ते काम म्हणजे सरावलीजवळचं प्रसूतिगृह. साहेबांच्या लॉजमधल्या मंडळींनी मिळून एक ट्रस्ट केला होता. डोंगराकडच्या पाड्यांमधल्या बायका घरीच बाळंत होत आणि त्यांतल्या काही तिथेच दगावत. त्यांच्यासाठी आठ खाटांची, पुढे व्हरांडा असलेली एक इमारत बांधायची होती. हेतूत काहीही खोट नव्हती, हे मी आजही म्हणेन.

त्या कामावरचा मिस्त्री समुद्रकाठच्या मुरबे गावचा होता. मासे धरणाऱ्या घरातला माणूस गवंडी कसा झाला, असं मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं. त्याने विडी पेटवली आणि सांगितलं की थोरला भाऊ समुद्रावरून परत आला नाही. आईने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून वचन घेतलं की तू पुन्हा होडीत पाय घालायचा नाहीस. तेव्हापासून तो जमिनीवर. पन्नाशीला आला होता. अंगाने काटक, बोलायला कमी. त्याचे हात बघत राहावेत असे होते.

पहिल्या दिवशी आखणी करायची होती. साहेब पितळी गुण्या घेऊन आले होते, पण चाळीस फुटांच्या इमारतीपुढे तो गुण्या म्हणजे खेळणं. मिस्त्रीने कमरेची दोरी सोडली. तिला सारख्या अंतरावर बारा गाठी मारलेल्या होत्या. तीन गाठींवर एक खुंटी, चार गाठींवर दुसरी, आणि उरलेल्या पाच ताणून त्याने जमिनीवर बिनचूक काटकोन पाडला.

साहेब खूश झाले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुनी नाय, साहेब. दोरीशी खेळताना कललं."

साहेब माझ्याकडे वळले. "बघ. लॉजमध्ये आम्ही ज्याची पूजा करतो ते याच्या कमरेला बांधलेलं आहे." त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. पण त्या कामावरच्या सगळ्या दिवसांत मिस्त्री कधी साहेबांच्या बंगल्यावर आला तर बाहेरच्या पायरीवरच उभा राहिला, आणि पाणसळीचा अर्थ सांगणाऱ्या साहेबांना त्यात वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नव्हतं.

पाया खणायला घेतला. तीन कोपऱ्यांत चार फुटांवर पिवळा मुरूम लागला. चौथ्या कोपऱ्यात, ईशान्येला, काळी चिकण माती निघत राहिली. पाच फूट, सहा फूट, आठ फूट. पहार मारली की चप्प आवाज करून आत जायची. नवव्या फुटाला बाजूने पाणी झिरपायला लागलं. मिस्त्री खड्ड्यात उतरला, मूठभर माती घेऊन वर आला, तिचा वास घेतला आणि माझ्यापुढे धरली.

"हे तलं व्हतं, ओव्हरसियर साहेब. बुजवलेलं. खाली किती हाय त्याचा पत्ता नाय. इमारत पंधरा फूट मागं सरकवा. नायतर आजून खना."

मी माझ्या रोजच्या वहीत लिहिलं: ईशान्य कोपरा, नऊ फुटांवर काळी माती, पाणी, कडक थर नाही, मिस्त्रीच्या मते बुजवलेलं तळं, तो जागा बदलायला सांगतो. मग साहेबांना बोलावलं.

साहेबांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. कोनशिलेचा समारंभ दहा दिवसांवर आला होता. पत्रिका छापून गेल्या होत्या, मुंबईहून लॉजचे ज्येष्ठ लोक यायचे होते. फ्रीमेसनांच्या रीतीप्रमाणे पहिला दगड ईशान्येलाच बसवायचा असतो, हे मला त्यांनी रविवारी सांगितलेलं होतं. नवा माणूस दाखल होतो तेव्हा त्यालाही खोलीच्या त्याच कोपऱ्यात उभं करतात, कारण तोही पायाचा दगडच.

"मोठे दगड टाका, खडी टाका, ठोकून घ्या," साहेब म्हणाले. "भार फार नाही. एकमजली इमारत आहे."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, दगड बुडतील."

"मी आकडेमोड केली आहे."

"आमच्या घरात पन ईशान्येलाच देव असतो, साहेब. पन खाली जमीन बघून बसवतो त्याला."

साहेबांचा चेहरा बदलला. आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधी चढतच नसे. "मिस्त्री, तुझं काम भिंत सरळ ठेवायचं. पाया माझ्याकडे सोड."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी ओव्हरसियर होतो, कडक थर लागला नाही हे मला दिसत होतं, डिप्लोमाच्या पुस्तकात मी ते शिकलो होतो. मी एवढंच बोललो, "साहेबांनी हिशेब केलाय." त्या दिवशी माझ्या मनात साहेबांचं बोलणं घोळत होतं की एक काम नीट उभं करून दाखव. नीट म्हणजे त्यांच्या मनासारखं, हा अर्थ मी बिनबोभाट लावून घेतला होता.

समारंभ सकाळी अकराला झाला. सूटवर पांढरे एप्रन बांधलेले वीसेक गृहस्थ उन्हात घामाघूम होऊन उभे होते. पाड्यांवरून आलेली माणसं लांब बांधावर बसून पाहत होती. त्याच सकाळी मिस्त्रीने मला बाजूला घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी बसवलेली कोनशिला एका अंगाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली गेली होती. त्याने दगडाची कपची घालून ती वर घेतली होती.

"पाव्हने जाईपर्यंत ऱ्हाईल," तो म्हणाला. त्यात उपहास नव्हता, नुसती माहिती होती.

ज्येष्ठ गृहस्थांनी दगडावर धान्य टाकलं, तेल आणि दारू ओतली. मग तिघे पुढे आले. एकाने चांदीचा गुण्या लावून दगड काटकोनात असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने पाणसळ ठेवून तो समपातळीत असल्याचं सांगितलं. तिसऱ्याने ओळंबा धरून तो सरळ असल्याचं सांगितलं. ज्येष्ठांनी लाकडी हातोडीने तीनदा ठोकून जाहीर केलं की कारागिरांनी आपलं काम चोख केलं आहे. टाळ्या झाल्या. कारागीर मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. त्याला कोणी पुढे बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो आला असता असं मला वाटत नाही.

इमारत वर्षभरात उभी राहिली. त्याच हिवाळ्यात मला लॉजमध्ये घेतलं. आत काय होतं ते बाहेर सांगणार नाही असा मी शब्द दिला होता. तो मात्र मी आजवर पाळला. आयुष्यात पाळण्यासारखे दुसरे शब्द मोडून हा एक पाळला, म्हणून त्याची किंमत काही वाढत नाही. इतकंच सांगतो की तिथे भूत नव्हतं. चांगली, सभ्य माणसं होती. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि मला भाऊ म्हटलं. मला भाऊ नव्हता. परत येताना पालघर स्टेशनवर उतरलो तेव्हा मी दोन इंच उंच झालोय असं मला वाटत होतं.

पहिल्या पावसाळ्यातच ईशान्येच्या कोपऱ्यात भेग पडली. व्हरांड्याच्या खांबापासून निघून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी चढलेली. माझी करंगळी आत जात होती. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "नव्या प्लॅस्टरला भेगा पडतातच. बुजवून घे." मी मिस्त्रीला निरोप पाठवला. तो आला, भेगेत बोट घातलं, बोटाला वारा लागतो का ते पाहिलं.

"ही बुजवायची नाय. खांबाला आधी टेका लावा नि पाया उकरा."

"साहेब नाही म्हणतात."

"तर मग मी पन नाय म्हनतो," तो म्हणाला आणि थापी पिशवीत टाकून निघून गेला.

मी दुसरा गवंडी आणून भेग बुजवली. वरून चुना मारला. सुईणीचं शिक्षण घेतलेली एक नर्स तिथे राहायची, तिने विचारलं, "काळजीचं काही नाही ना?" मी म्हणालो, "काही नाही, बाई."

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुरुवातीला, चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी पूर्वेकडच्या एका पाड्यावरून एक बाई आपल्या मुलीला बाळंतपणासाठी घेऊन आली. मुलगी आत होती. आई व्हरांड्यात, त्या कोपऱ्यात, तीन दगडांची चूल मांडून मुलीसाठी पेज करत होती. खांब खचला. वरचा स्लॅब एका बाजूने सुटला आणि तिच्यावर आला.

मी दुपारी पोचलो तेव्हा तिला बैलगाडीतून पालघरकडे नेलं होतं. कमरेपासून खालचं सगळं चिरडलं होतं असं नर्सने सांगितलं. ती तिसऱ्या दिवशी गेली. तिची मुलगी आतल्या खोलीत अपघाताच्याच सकाळी मोकळी झाली होती. मी दारातून पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि बाळ नर्सच्या हातात होतं. मी आत गेलो नाही. व्हरांड्यात पेजेचं मडकं मात्र फुटलेलं नव्हतं, कलंडून पडलेलं होतं, आणि एक कोंबडी त्यातली शितं टिपत होती.

साहेबांनी मला अपघाताच्याच संध्याकाळी बोलावलं. ते खुर्चीत बसले होते आणि पहिल्यांदाच मला त्यांचे केस विस्कटलेले दिसले. त्यांच्यापुढे माझी रोजची वही होती.

"हे पान," ते म्हणाले, "नव्याने लिही. कडक मुरूम लागला असं मिस्त्रीने कळवलं, एवढंच."

मी वहीला हात लावला नाही.

"मी तुला हुकूम करत नाही. विनंती करतो आहे." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तीस वर्षं मी नाव राखलं. तो मिस्त्री आहे. आज इथे नाही तर उद्या दुसरीकडे भिंत बांधेल. माझं कोण बांधून देईल? तू माझा भाऊ आहेस ना?"

भावाच्या अडचणीत धावून जाण्याचा शब्द मी दिला होता, हे खरं. पण भावासाठी खोटं बोलण्याचा शब्द त्यात कुठेही नव्हता. उलट तिथल्या प्रत्येक वाक्यात नेमकं त्याच्या विरुद्ध सांगितलेलं होतं आणि मला ते तोंडपाठ होतं. तेव्हा कोणी मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. मी खुर्ची ओढली आणि पान लिहिलं. माझं अक्षर फार सुंदर होतं. वहीतून काढलेलं जुनं पान साहेबांनी माझ्यासमोर फाडून टाकलं नाही, घडी करून खिशात ठेवलं. तेवढा संकोच त्यांच्यात उरला होता.

आठ दिवसांनी ट्रस्टचे दोन गृहस्थ चौकशीला आले. इमारतीच्या शाबूत भागातल्या खोलीत टेबल लावलं होतं. मिस्त्रीला बोलावलं होतं. तो धुतलेला सदरा घालून आला होता.

"कोपऱ्यात मुरूम लागला असं तू सांगितलंस?" एका गृहस्थाने विचारलं.

"नाय. मी उलट सांगितलं. तलं हाय म्हनून सांगितलं." त्याने माझ्याकडे बोट केलं. "या साहेबांना इचारा. त्यांनी वहीत लिवलंय. माज्यासमोर लिवलं."

वही टेबलावर होती. गृहस्थांनी ते पान वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मुरूम लागला असंच त्याने सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. माझी तेवढी चूक झाली."

शेवटचं वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं. थोडीशी चूक कबूल केली की बाकीचं खोटं खरं वाटतं, हे मला त्या क्षणी आपोआप सुचलं.  मिस्त्रीला वाचता येत नव्हतं, तरी तो पुढे वाकून त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग रामराम न करता बाहेर गेला.

निकाल असा लागला की कारागिराच्या हलगर्जीपणाने अपघात घडला. पोलिसांपर्यंत काही गेलं नाही. पाड्यावरच्या माणसांना कुठे जायचं ते माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही. साहेबांनी त्या बाईच्या घरी धान्य पाठवलं. मिस्त्रीला मात्र पालघरपासून बोईसरपर्यंत कोणी काम दिलं नाही. त्याच्या हातचं बांधलेलं पडतं, असं गावोगाव झालं. बोईसरला घरं उठत होती, गवंडी मिळत नव्हते, परमुलखातून माणसं आणत होते, आणि हा बारा गाठींची दोरी घेऊन घरी बसला होता.

दसऱ्याच्या सुमाराला लॉजमध्ये मला दुसरी पायरी मिळाली. त्या पायरीवरच्या माणसाला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा दाखवून त्यांचे अर्थ समजावतात. हे काही गुपित नाही, छापलेल्या पुस्तकांत आहे. त्या दिवशी ते काम साहेबांकडे होतं. मी समोर उभा. साहेबांनी ओळंबा उचलला, दोरी बोटावर धरली, त्याचं वजन डोलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि सरळपणाबद्दल जे सांगायचं असतं ते एक शब्द न चुकता सांगितलं. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, ते अडखळतील. वाटलं, मी तरी अडखळेन. कोणीच अडखळलं नाही. नंतर जेवण झालं. साहेबांनी मला आपल्या शेजारी बसवलं, आणि मी पोटभर जेवलो.

दिवाळी झाल्यावर मी मुरब्याला गेलो. का गेलो ते मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं. बहुधा त्याने मला शिव्या द्याव्यात आणि हिशेब मिटावा, अशी माझी अपेक्षा असावी. सातपाटीपर्यंत एसटीने गेलो, तिथून होडीने खाडी ओलांडली. मिस्त्रीच्या घरापुढे बोंबील वाळत होते. त्याची बायको जाळं सोडवत बसली होती. मी कोण ते तिने ओळखलं असावं.

"ते नायत," ती म्हणाली. "बोटीवर गेलेत."

 "बोटीवर? त्यांनी तर आईला..."

"आई मेली त्यांची. पोट ऱ्हायलंय." तिने मान वर केली नाही. "दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हनून. या वयात. पयल्या दिशी गेले तेवा रडत गेले. बसा, भरतीला येतील."

मी दीड तास बसलो. तिने चहा दिला. चांगला होता, दूध घातलेला. मला वाटतं ते घरातलं सगळं दूध असावं. तो आला तेव्हा मी उठून उभा राहिलो. त्याच्या बोटांना दोरांनी चिरा पडल्या होत्या. त्याने पाय धुतले, माझ्यासमोर बसला आणि विडी पेटवली.

"एकच इचारतो," तो म्हणाला. "वहीत तुमी पयल्यांदा लिवलं ते खरं लिवलं व्हतं ना? तलं, पानी, समदं?"

"हो," मी म्हणालो. "खरं लिहिलं होतं."

"बरं." त्याने मान हलवली. "मला वाटाय लागलं व्हतं की मीच चुकलो का काय. मानूस म्हातारा होतो, काय सांगता येत नाय."

इतक्या साध्या आवाजात तो हे बोलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हणालो, "मिस्त्री, माझ्या हातून फार वाईट झालं. मी काय करू सांगा."

त्याने विडी विझवली. "बोईसरला जाऊन सांगाय नको. त्या ट्रस्टवाल्यांकडं पन नको, तुमची नोकरी जाईल. आमच्या गावात या फक्त. रविवारी देवलाफुडं चार मानसं बसतात. त्यांच्याफुडं सांगा की भिंत याच्यामुलं नाय पडली. एवढंच. पोरीचं लग्न अडलंय माजं. बाई मारली म्हनतात लोक."

"येईन," मी म्हणालो. "या रविवारी येतो."

"याल ना?"

"आईशपथ येतो."

त्याची बायको जाळं सोडवायची थांबली होती. तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

त्या रविवारी मी खरंच निघालो. सकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला. सातपाटीला उतरलो, किनाऱ्यापर्यंत गेलो. होडी भरत आली होती. कोळणी टोपल्या सावरत बसल्या होत्या, आणि पलीकडे मुरब्याची माडांची रांग उन्हात स्पष्ट दिसत होती. होडीवाल्याने विचारलं, "येनार काय?"

मी मनात म्हणत होतो की चार कोळ्यांपुढे बोललेलं पालघरला कोण ऐकणार. लगेच मनात आलं की ऐकतील, मासळीबरोबर बोलणंही बाजारात येतं, आणि संध्याकाळपर्यंत ते साहेबांच्या पायरीपर्यंत पोचेल.

"पुढच्या फेरीला," मी म्हणालो.

ती होडी गेली. पुढची आली, तीही गेली. दुपारची एसटी आली तेव्हा मी तीत बसलो.

पुढे मी लॉजमध्ये तिसरी पायरी चढलो, नंतर तिथे पदंही मिळाली. साहेब गेल्यावर त्यांचा धंदा मी चालवला. बोईसरला माझ्या हातून पुष्कळ इमारती झाल्या. त्यांतली एकही पडली नाही. पाया खणताना मी प्रत्येक कोपऱ्यात स्वतः उतरायचो. लोक म्हणत, हा माणूस फार चोख.

त्या रविवारचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पालघरच्या बाजारात मुरब्याचा एक माणूस भेटला, माझी ओळख नसलेला. बोलता बोलता मिस्त्रीचा विषय निघाला. तो सांगत होता की एका रविवारी मिस्त्रीने सगळ्या गावाला देवळापुढे बसवून ठेवलं होतं, पालघरचे कोणी साहेब येणार म्हणून. दुपार टळली तरी कोणी आलं नाही. लोक कुरकुरायला लागले, कोणी हसलं. तेव्हा मिस्त्री उठला आणि म्हणाला, "त्यांना काम निघालं असंल. मानूस वाईट नाय तो. जा आता घरी, जेवून घ्या."